इशारा वाचा, ढग ओळखा, माल वाचवा

धंद्यातील नुकसानीची कारणे मोजायला बसले की उधारी, मंदी आणि वाढते भाडे ही नावे सर्वांत आधी पुढे येतात. आभाळाचे नाव क्वचितच कोणी घेते. मात्र किनारपट्टीवरच्या लहान व्यापाऱ्याचा वर्षाचा हिशेब बारकाईने पाहिला तर असे दिसते की, महिनाभराच्या मेहनतीचा नफा पुष्कळदा एका संध्याकाळच्या पावसात वाहून गेलेला असतो. भिजलेले सिमेंटचे पोते पुन्हा विकता येत नाही. ओल लागलेल्या सुकटीला बुरशी धरते. पीठ, साखर, कापड, पुठ्ठा, फर्निचरचे प्लायवूड यांचेही तेच. हे सारे नुकसान टाळता येणे शक्य नाही. पण त्यातील बराच भाग टाळता येतो, आणि त्यासाठी पैशापेक्षा माहितीच जास्त लागते.

विरार पूर्वेचा फुलपाडा हे याचे चांगले उदाहरण आहे. येथून समुद्र दिसत नाही. एका बाजूला डोंगर आणि पापडखिंडचे धरण, दुसऱ्या बाजूला रेल्वेमार्ग, आणि मधे चाळी, इमारती, छोटे गाळे व हातगाड्या. समुद्र दिसत नसल्यामुळे ‘किनारपट्टीला इशारा’ हे शब्द रेडिओवर किंवा मोबाईलवर आले की ते अर्नाळ्याच्या कोळी बांधवांसाठी आहेत, असे समजून आपण पुढच्या बातमीकडे वळतो. ही समजूत महागात पडते. अर्नाळा येथून काही किलोमीटरवरच आहे. जो ढग अर्नाळ्याच्या किल्ल्यावरून येतो तो थोड्याच वेळात विरारच्या बाजारावर असतो. शिवाय फुलपाड्याला दुसरीही एक बाजू सांभाळावी लागते, ती डोंगराची. त्याविषयी पुढे येईलच.

इशाऱ्याची भाषा

आपल्याकडे हवामानाचा अधिकृत इशारा भारतीय हवामान विभाग देतो. हा विभाग १८७५ साली स्थापन झाला. महाराष्ट्रासाठीचे त्याचे प्रादेशिक केंद्र मुंबईत कुलाब्याला आहे. समुद्राच्या लाटांविषयीचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था देते. मोबाईलवर ‘मौसम’, विजेसाठी ‘दामिनी’ आणि आपत्तीच्या सूचनांसाठी ‘सचेत’ ही सरकारी ॲप विनामूल्य मिळतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे, तारीख नसलेले संदेश आणि गतवर्षीचे व्हिडिओ यांवर धंद्याचे निर्णय कधीही घेऊ नयेत.

जिल्ह्यासाठीचा इशारा चार रंगांत येतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. हे रंग पावसाचे माप नसून आपण काय करायचे याची सूचना आहेत.

पावसाचे शब्दही मोजून वापरलेले असतात. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘मुसळधार’. ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति मुसळधार’. त्याच्या वर ‘अत्यंत मुसळधार’. मिलिमीटर हा शब्द कोरडा वाटतो. तो लिटरमध्ये बदलून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी पडते. जवळजवळ एक मोठा टँकर आपल्या छपरावर रिकामा झाला असे समजा. आता गाळ्याच्या मागची पन्हळ आणि गटार तेवढे पाणी वाहून नेईल का, हे ज्याचे त्याने पाहावे.

बातमीपत्रातील आणखी काही शब्द असेच नेमके असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील जास्तीत जास्त चौथा हिस्सा केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत. ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याहूनही अधिक. पालघर जिल्ह्यात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे म्हटले आणि फुलपाड्यात ऊन पडले, तर अंदाज चुकला असे होत नाही. पाऊस त्या दिवशी कदाचित जव्हारला पडलेला असतो.

बावटा आणि मच्छीमारांची सूचना

समुद्रावरील वारा ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाण्याची शक्यता असेल तेव्हा मच्छीमारांना समुद्रात न जाण्याची सूचना दिली जाते. ज्याची होडी नाही अशा व्यापाऱ्यानेही ही सूचना वाचावी. होड्या परत फिरल्या की दोन दिवसांत ताज्या मासळीची आवक घटते, भाव चढतात आणि बर्फाची मागणी पडते. मासळी विकणारी बाई, खानावळवाला, टेम्पोवाला या सर्वांचा हिशेब त्यावर बदलतो.

बंदरावरचा बावटा हीदेखील एक भाषा आहे. एक आणि दोन नंबरचा बावटा म्हणजे वादळी हवामान दूर समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे त्याचा धोका खुद्द बंदराला आहे. पाच ते सात हे धोक्याचे, आठ ते दहा हे महाधोक्याचे. अकरा नंबरचा अर्थ, इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात व तिला नाव मिळते. चक्रीवादळाची पहिली सूचना किनाऱ्यावर परिणाम होण्याच्या साधारण ७२ तास आधी, दुसरी ४८ तास आधी आणि तिसरी २४ तास आधी मिळते. तीन दिवस हा व्यापाऱ्यासाठी थोडा अवधी नाही. नवी ऑर्डर थांबवता येते, तळमजल्यावरचा माल माळ्यावर नेता येतो, आणि ताडपत्री महाग होण्याआधी विकत घेता येते.

इशारा जिल्ह्याचा, नुकसान गल्लीचे

‘मागच्या वेळी काहीच झाले नाही’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिचे उत्तर २६ जुलै २००५ या दिवसात आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला केवळ ७३. दोन्ही केंद्रे एका शहरातली. तेव्हा संपूर्ण जिल्ह्याचा इशारा प्रत्येक गल्लीत सारखा उतरेल अशी अपेक्षाच धरता येत नाही.

चक्रीवादळाचेही तसेच. ‘निसर्ग’ हे वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात धडकेल असे आधी सांगितले होते. वसई-विरार या पट्ट्यात येत होते. प्रत्यक्षात ३ जून २०२० रोजी ते रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागातील घरे आणि नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. उत्तरेकडे त्या मानाने निभावले. त्या दिवशी विरारमध्ये ज्याने माल उचलून ठेवला त्याची मेहनत फुकट गेली असे म्हणता येईल का? वादळाची वाट थोडी उत्तरेकडे सरकली असती तर तीच मेहनत त्याचे भांडवल ठरली असती.

उलट उदाहरण ‘तौक्ते’चे. १७ मे २०२१ रोजी हे वादळ मुंबईला न धडकता समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि रात्री गुजरातेत किनाऱ्यावर आले. तरीही सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडून ७०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१९ मधले ‘क्यार’ तर किनाऱ्यापासून फार दूर राहून ओमानच्या दिशेने निघून गेले. पण त्या दिवसांच्या पावसाने कोकणातील कापणीला आलेला भात आडवा केला. म्हणजे वादळ ‘येणार नाही’ याचा अर्थ नुकसान होणार नाही असा नव्हे.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. विभागाचा इशारा दिवसांच्या हिशेबाने तयारी करण्यासाठी असतो. त्यानंतर रडारवरून दिला जाणारा तीन तासांचा तातडीचा अंदाज येतो. त्यासाठी मुंबईत कुलाबा आणि वेरावली अशा दोन ठिकाणी रडार आहेत. आणि शेवटचा अर्धा तास उरतो तो आपल्या डोळ्यांचा. तेथे ढग ओळखता आला पाहिजे.

ढग ओळखण्याची रीत

ढगांना शास्त्रीय नावे देणारा ल्यूक हॉवर्ड हा लंडनमधील औषधे बनविणारा व्यावसायिक होता. त्याने १८०२ साली आपले वर्गीकरण मांडले आणि आजची पद्धत त्याच पायावर उभी आहे. ढगांचे मुख्य प्रकार दहा. शालेय भूगोलाच्या पुस्तकात ते असतात, पण परीक्षा संपली की आपण विसरतो. धंद्यासाठी त्यांतील सहा-सात पुरेसे आहेत.

सिरस: फार उंचावरचे, पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे पांढरे ढग. हे बर्फकणांचे असतात व त्यांतून आपल्यापर्यंत पाऊस येत नाही. एकटे दिसले तर चिंता नको. पण ते एका बाजूने वाढत, दाट होत गेले आणि वादळाची सूचना आधीच आलेली असेल, तर ती खरी होऊ लागली असे समजावे.

सिरोस्ट्रेटस: आभाळावर पातळ मलमल टाकल्यासारखा थर. चंद्रसूर्याभोवती खळे पडते ते याच्यामुळे. वरच्या थरात बाष्प वाढल्याचे हे चिन्ह आहे. येत्या एक-दोन दिवसांवर लक्ष ठेवावे.

अल्टोस्ट्रेटस: राखाडी पडदा. सूर्य दुधी काचेमागे असल्यासारखा दिसतो. याची सोपी परीक्षा म्हणजे आपली सावली पाहावी. सूर्य दिसतो पण सावली पडत नाही, तेव्हा ढग या जातीचा आहे. अशा दिवशी वाळवण पुरते वाळत नाही. हा पडदा जाडच होत गेला तर पाऊस जवळ आला.

निम्बोस्ट्रेटस: आकार नसलेले, काळपट, सर्व आभाळ व्यापणारे ढग. पावसाळ्यातील दिवसभराची संततधार यांची. यात वाऱ्याचा तडाखा कमी, पण पाणी साचण्याची भीती अधिक.

स्ट्रॅटोक्युम्युलस: खाली लोंबणारे, वळकट्यांसारखे ढग. दिसायला भीतीदायक, पण बहुधा शिंतोड्यांवर भागते. यांना घाबरून दुकान बंद करण्याचे कारण नाही.

क्युम्युलस: सपाट बुडाचे, फुलकोबीसारखे पांढरे पुंजके. दुपारी रुंदी उंचीपेक्षा जास्त असेल तर हवा चांगली. पण दुपारच्या आतच ते रुंदीपेक्षा उंच होऊ लागले तर सावध व्हावे.

क्युम्युलोनिम्बस: हा खरा धोक्याचा ढग. बूड काळेकुट्ट, अंग डोंगरासारखे, आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलेला. वीज, गडगडाट, गारा आणि सोसाट्याचा वारा यातूनच येतो. याच्यातून खाली कोसळणारी थंड हवा पावसाच्या पुढे धावते. उकाड्यात अचानक गार वारा सुटला, धूळ उडाली, तर ताडपत्री शोधण्याची वेळ गेली. आता फक्त माणसांना आत घ्यावे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जाहिरातीचा फलक कोसळून १७ जणांचे प्राण गेले, ते अशाच वादळी वाऱ्यात. सैल पत्रा, दुकानाची पाटी, हातगाडीची छत्री या गोष्टी अशा वाऱ्यात हत्यारासारख्या उडतात.

पुंजक्यांचे ढग किती उंचावर आहेत हे ओळखण्याची सोपी खूण आहे. ढग बराच डोक्याच्या बाजूला असताना हात सरळ लांब करावा. पुंजका करंगळीच्या मागे झाकला गेला तर तो फार उंचावरचा. तीन बोटांच्या मागे झाकला गेला तर मधल्या थराचा. तीन बोटांपेक्षा मोठा दिसला तर खालचा.

विजेचे अंतरही मोजता येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे व तीनने भागावे. तेवढे किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्या जागेत, मिठागरात, होडीवर किंवा पत्र्याच्या टपरीत थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.

फुलपाड्याने कोणत्या दिशेला पाहावे?

जून ते सप्टेंबर मोसमी ढग नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून येतात. पण मे महिन्यात आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, गडगडाटी ढग पुष्कळदा दुपारी सह्याद्रीवर तयार होऊन संध्याकाळी पश्चिमेकडे सरकतात. म्हणजे ते डोंगरामागून येतात. फुलपाड्याला नेमका याच बाजूला डोंगराचा आडोसा आहे. रस्त्यावर उभे राहून पश्चिमेचे निळे आभाळ पाहिले आणि निश्चिंत झालो, तर पाठीमागून आलेला ढग अगदी डोक्यावर आल्यावरच दिसतो. म्हणून या दोन हंगामांत दुपारी तीन-चारच्या सुमारास कोणीतरी गच्चीवर जाऊन पूर्वेकडे नजर टाकावी. एवढे केले तरी अर्धा-पाऊण तास हाताशी मिळतो.

महिन्यांच्या ठोकताळ्यावरही पूर्ण विसंबू नये. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. डिसेंबर हा तर कोरडा महिना. पण २०१७ साली ‘ओखी’ वादळामुळे ५ डिसेंबरला मुंबई आणि उत्तर कोकणात पाऊस पडला. १ डिसेंबर २०२१ रोजीही तसेच झाले. वलांडीवर बोंबील आणि खळ्यावर जवळा वाळत घालणाऱ्यांना, तसेच वीटभट्टीवर कच्च्या विटा रचणाऱ्यांना असा एक दिवस पुरतो.

भरतीचा हिशेब

काही धोके ढगांत दिसत नाहीत. दूरच्या समुद्रातील वादळाने उठलेल्या उंच लाटा निळ्या आभाळाखालीही किनाऱ्यावर येतात. त्यासाठी इन्कॉईसची सूचनाच पाहावी लागते. दुसरा धोका भरतीचा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की खाडीचे पाणी वर चढते आणि वस्तीतील पाणी बाहेर पडत नाही. ९ आणि १० जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून विरारची लोकल बंद पडली आणि वसईच्या मिठागरात राहणारी माणसे अडकली. फुलपाड्याच्या उंच भागातील दुकानात पाणी शिरले नाही तरी माल आणणारा टेम्पो आणि कामावर येणारा कारागीर मधेच अडकतो.

उधाणाची भरती अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवस मागाहून येते. आपल्या घरांत हिजरी तारखांची दिनदर्शिका असतेच. चंद्राच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि पंधरा ते सतरा या तारखा म्हणजे उधाणाचे दिवस. सात-आठ आणि बावीस-तेवीसच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती. जुलै-ऑगस्टमध्ये नारिंगी किंवा लाल इशारा आणि उधाणाची तारीख एकत्र आली, तर माल एक फळी अधिक उंच ठेवावा.

खर्च किती करावा?

प्रत्येक इशाऱ्याला सर्व काही गुंडाळून बसलो तर धंदा चालणार नाही. येथे साधा हिशेब कामी येतो. समजा, उघड्यावर ६०,००० रुपयांचा माल आहे आणि तो झाकायला मजुरीसह १,००० रुपये लागतात. हंगामात दहा इशारे आले व दहाही वेळा माल झाकला तर खर्च १०,०००. दहांपैकी एकदाच पाऊस आला तरी ५०,००० रुपये वाचले. उलट, उघड्यावर केवळ ३,००० रुपयांचा माल असेल तर पिवळ्या इशाऱ्याला हजार खर्च करणे परवडत नाही. तेथे नारिंगी रंगाची किंवा तीन तासांच्या अंदाजाची वाट पाहावी. प्रत्येक दुकानदाराने आपला आकडा एकदा कागदावर मांडावा. माणसाच्या जिवाला मात्र हा हिशेब लागू होत नाही. समुद्रात जाऊ नका अशी सूचना असेल तर तांडेल आणि खलाशी किनाऱ्यावरच हवेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ आले तेव्हा कोकणातील अनेक होड्या समुद्रातच होत्या, आणि कित्येक घरांतील माणसे परत आली नाहीत.

विम्याचा विचारही ढग नसतानाच करावा. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेच्या लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. तिच्यात वादळ व पुराच्या नुकसानीचा समावेश होतो. उघड्यावरील मालाचे काय, हे घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. मालाची बिले व छायाचित्रे दुकानाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवावीत. ज्यांना विमा घ्यायचा नाही त्यांनी गल्लीतील दहा-बारा दुकानदार मिळून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी. सामाईक ताडपत्र्या, पाणी उपसण्याचा एक पंप आणि अडचणीतल्या भावाला उभे करण्यापुरता निधी त्यातून जमतो.

अशाच गटाने आणखी एक काम वाटून घ्यावे. एकाने सकाळी विभागाचा जिल्हा इशारा पाहावा, दुसऱ्याने दुपारी तीन तासांचा अंदाज, तिसऱ्याने गच्चीवरून आभाळ. आणि तिघांनी ते इतरांना सांगावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. शाळेत जाणाऱ्या मुलाला ढगांची नावे पाठ असतातच. त्यालाच रोज विचारावे की आज कोणता ढग आहे. त्याचा अभ्यास होईल आणि आपला माल कोरडा राहील.